मास्तर अन् काळा खोका

"येणार का नाही, एवढंच सांगा."

अशेर आल्हाटनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

एलिया मास्तर ओट्यावर बसून बाजरीची कणसं सुतळीनं बांधत होते. उद्या हंगामाचा सण. चर्चच्या दाराला कणसांचं तोरण लागतं, ते दरसाल मास्तरच बांधतात. वय अठ्ठ्याऐंशी. बोटं वाकडी झालेली, पण गाठ पक्की.

"कुठं?" मास्तर म्हणले.

"अहो कुठं म्हणजे! माझ्या गायींच्या शेडात! सकाळीच झाडून घेतलंय. गाया बाहेर बांधल्या, सतरंज्या टाकल्या. उद्याची उपासना आपली आपण करायची. तिथं."

"अन् गाया उन्हात?"

"मास्तर, गायांचं जाऊ द्या! मी काय म्हणतोय..."

"ते कणीस दे इकडं. ते नाही, लांब दांड्याचं."

अशेरनं दिलं. डोकं कितीबी तापलेलं असू द्या, मास्तरनं मागितलं की त्याचा हात आपोआप पुढं व्हायचा. तीस वर्षांची सवय.

अशेर म्हणजे टाकळवाडीच्या चर्चचा पेटीवाला. पंधरा वर्षांचा होता, शाळा सोडून गुरं वळायचा अन् दिसंल त्याच्याशी मारामाऱ्या करायचा. तवा मास्तरनं त्याला धरून पेटीपुढं बसवलं. शाळा काही परत सुरू झाली नाही, पण पेटी आली. गळा आला. मास्तरनं रचलेली सगळी पदं त्याला तोंडपाठ.

आवाज मात्र असा, की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस काम टाकून बघायचा. हळू बोलणं ह्या माणसाला कधी जमलंच नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी म्हणायचे, लागली वाटतं भांडणं.

अन् आता तर खरंच भांडण होतं.

चार महिन्यांपूर्वी चर्चला नवे पाळकसाहेब आले. चांगला माणूस, पण तरुण. त्यांच्या मागं गावातली पोरं लागली. कीबोर्ड आला. गिटार आलं. ड्रम आला, पितळी ताटं लावलेला. अन् गुडघ्याएवढा एक काळा खोका आला, त्याच्यातून असा आवाज निघायचा की खिडक्यांची तावदानं थरथरायची.

अशेरची पेटी तिथून उचलली अन् झाडू ठेवायच्या कपाटापाशी नेऊन ठेवली.

कोणी उचलली? कसीयानं. त्याच्या पोटच्या पोरीनं. त्यानंच तिला पेटी शिकवली अन् आता ती कीबोर्डावर बसायची. तीन आठवडे झाले, बापलेकीत शब्द नव्हता. ती ताट वाढायची, हा भिंतीकडं बघून जेवायचा.

तेही त्यानं गिळलं असतं. पण गेल्या रविवारी पोरांनी मास्तरांचं पद घेतलं. नांगराचं पद.

"नांगर देवा काळीज माझं, पेर तुझं दाणं,
खडक लागला जिथं जिथं, तिथंच तुझं येणं."

त्याच्यावर ड्रम लावला.

भर उपासनेत अशेर उठला. कपाटापाशी गेला, पेटी खांद्यावर घेतली अन् चालता झाला. त्याच्या मागून अकरा घरं म्हणली, आम्ही बी येतो तुझ्याकडं. पण एक अट. मास्तर आले तर.

म्हणून तो आज ह्या ओट्यावर होता. मास्तर हो म्हणले की चर्चचे दोन तुकडे. मास्तर नाही म्हणले की अशेर त्याच्या शेडात एकटा, अन् गाया.

"तुमचं पद होतं, मास्तर! तुमचं! वरातीत वाजवतात तसं ढॅण ढॅण ढॅण लावलं त्याच्यावर. तुम्ही तर पुढच्याच बाकावर होता. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मास्तर सुतळी दातानं तोडत होते. दात दोनच, म्हणून वेळ लागला.

"वाटलं की."

"काय वाटलं?"

"अजून एकदा वाजवावं."

अशेर ताडकन उठला. ओट्याखाली उतरला. परत वर आला.

"ही आपली रीत हाय का? आपल्या जुन्या माणसांनी पेटीवर, टाळावर..."

"जुनी म्हणजे कवाची?"

"माझ्या बापापासनंची!"

"तुझा बाप तर पेटीला तमाशाचा खोका म्हणायचा. मी चर्चमध्ये आणली, तर दारात आडवा झोपला होता. त्याला ओलांडून आत नेली."

अशेर परत ओट्यावर टेकला.

"लई जड होती," मास्तर म्हणले.

"ते वेगळं होतं," अशेर म्हणला.

"असंल."

मास्तरनं तोरण हातात धरून बघितलं. एका बाजूला कललं होतं. तसंच ठेवून दिलं.

"चल," ते म्हणले.

अशेरचं तोंड उजळलं. "शेडात?"

"चर्चमध्ये. सोडून जायचं तर तोंडावर सलाम करून जावं. गपचूप जायला आपण काय चोर हाय?"

हे अशेरला पटलं. शनिवारची दुपार होती, पोरं सराव करत असणार. तोंडावर सांगू. मास्तरांच्या समोर सांगू. मग बघू कोण बोलतं ते.

दोघं निघाले. मास्तरांचा हात अशेरच्या खांद्यावर, तोरण अशेरच्या काखेत.

वाटेत मागून उसाचा ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हरचा अंगठा दुखला असंल. मास्तर रस्त्याच्या मधोमध, चाल तीच. अशेरनं त्यांना ओढून कडेला घेतलं अन् ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या आजोबापर्यंत शिव्या घातल्या.

मग त्यालाच लाज वाटली. बघा, म्हणला मनात. माणूस असा पाहिजे. मरण मागं येऊन हॉर्न वाजवतंय, तरी ढळत नाही. अन् आपण?

मास्तरांचं असंच होतं अलीकडं. कोणी येऊन कोणाची चहाडी सांगितली तर नुसते हसायचे. कोणी तोंडावर टोमणा मारला तरी हसायचे. अशेर साऱ्या गावाला सांगायचा, याला म्हणतात देवाचा माणूस. ह्याच्या मनाला काही लागतच नाही.

चर्चच्या बाहेर मास्तरनं वहाणा काढल्या. आत गाणं चालू होतं. दोघांना बघून ते थांबलं.

तिघंच होते. कीबोर्डावर कसीया. ड्रमवर सिलास, गॅरेजमध्ये काम करणारा, नखात कायमचं ऑईल. अन् गिटारवाला, त्याच्या हातातली तार लगेच गप झाली. तिघांची तोंडं उतरली. मास्तर अन् अशेर, दोघं मिळून आले म्हणजे आज काही खरं नाही.

कसीयानं बापाकडं बघितलं नाही. बापानं तिच्याकडं बघितलं नाही.

"आम्ही सांगायला आलोय..." अशेरनं सुरू केलं.

पण मास्तर थांबलेच नव्हते. ते सरळ पुढं गेले, त्या काळ्या खोक्यापाशी. उभं राहून त्याला न्याहाळलं. बैल विकत घेताना पाठीवर हात फिरवतात तसा वरून हात फिरवला.

मग वळले, धोतर सावरलं अन् त्याच्यावर बसले.

"मास्तर," सिलास घाबरून म्हणला, "तो स्पीकर आहे. बसायचा नाही तो."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वाजवा," ते म्हणले. "नांगराचं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कसीयानं पहिल्यांदा चोरून बापाकडं नजर टाकली. अशेरनं दाराच्या चौकटीला पाठ टेकवली अन् हाताची घडी घातली. वाजवा. वाजवा ना. आज तुमचं वाजतंच.

सुरू झालं.

ड्रमचा मोठा ढोल सगळा त्या खोक्यातून घुमायचा. पहिला ठोका पडला अन् मास्तरांचं धोतर हललं. दुसऱ्याला छातीवरची चष्म्याची दोरी हलली. सिलास जपून मारत होता, खोक्यावर बसलेलं माणूस पडायला नको म्हणून.

मास्तरनं डोळे मिटले.

अशेरनं हाताची घडी सोडली. तीस वर्षांत... नाही, लई वर्षांत त्यानं हे बघितलं नव्हतं. मास्तर गाणं ऐकायचे ते डोळे टक्क उघडे ठेवून, अशेरकडं बघत. पापणी हलायची नाही. आज डोळे मिटले होते.

अन् ओठ हलायला लागले.

मास्तर गात होते. आवाज फाटका, सूर कुठल्याकुठं. पण शब्द ठोक्यावर. बरोब्बर ठोक्यावर. वाकडी बोटं खोक्याच्या कडेला टकटक करत होती अन् अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, बैलगाडीत बसलेल्या पोरागत, खालून येणाऱ्या धक्क्यावर हसत हसत गात होता.

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं.

अन् लाईट गेली.

शनिवारची दुपार, जाणारच. खोका मेला. कीबोर्ड मेला. सिलासनं सवयीनं काड्या वर धरल्या, गिटारवाल्यानं हात काढला.

कसीया तेवढी गात राहिली. तिला थांबायचं नव्हतं. आज बापापुढं उघडलेलं तोंड तिनं मिटलं नाही. मास्तरांपासून दोन हातांवर उभी राहून ती मोकळ्या गळ्यानं गात होती. भरल्या गळ्याची पोर, बापाचाच आवाज. दगडी भिंतीतून तो आवाज परत यायचा.

मास्तरनं डोळे उघडले.

"थांबलात का रे?" ते म्हणले.

...

कसीया गाता गाता थांबली.

गिटारवाल्यानं कसीयाकडं बघितलं. सिलासच्या काड्या वरच्या वर.

अशेर दारातून निघाला. बाकांच्या मधून, हळू, मास्तरांच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा साध्या माणसासारखा हळू बोलला.

"मास्तर."

मास्तर समोर पोरांकडं बघत होते.

"मास्तर... मी अशेर."

काही नाही. मास्तरनं पायाचं बोट खाजवलं.

अशेर फिरून पुढं आला. त्यांच्या समोर उकिडवा बसला.

"किती वर्षं झाली?"

"काय?" मास्तर त्याच्या ओठांकडं बघायला लागले. "मोठ्यानं बोल की. तू बी ह्या लोकांसारखा पुटपुटायला लागला? साऱ्या गावात तू एकटा माझ्याशी नीट बोलत होता."

सिलासला हसू फुटलं. मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

"किती वर्षं झाली, म्हणतो!" अशेर ओरडला.

"हां." मास्तरनं हिशेब केला. "सहा. सात धर."

"सात वर्षं मी दर रविवारी गातोय तुमच्यापुढं."

"गातोस की."

"तुम्ही मान डोलवता!"

"तुझ्या गळ्याची शीर फुगते. समेवर लई फुगते. तिच्यावर नजर ठेवली की मान बरोबर जाते."

"अन् माझा सूर?"

"सूर कसा दिसंल, लेका?"

अशेरनं डोकं खाली घातलं. फरशीवर बाजरीचे चार दाणे पडले होते, त्याच्याच काखेतल्या तोरणाचे. ते तो बोटानं गोळा करत राहिला. सात वर्षं. बायको म्हणायची, तुमचा आवाज बसलाय, जरा दमानं घ्या. पेटीचा भाता फाटलेला, दुरुस्त करू करू म्हणत राहून गेला. काही म्हणा, मास्तर मान डोलवतात ना. मग झालं. कोणाच्या बापाला विचारायचंय?

"सांगितलं का नाही?" त्यानं विचारलं. ह्यावेळी मोठ्यानं.

"तू गाणं सोडलं असतं."

अशेरनं तोंड उघडलं. नाही म्हणायला उघडलं होतं.

...

बाहेर ट्रॅक्टर गेला. कुठंतरी कोंबडी ओरडली.

त्याला राग आला होता. पण कोणावर काढावा, हे समजंना. मास्तरवर निघंना. खोक्यावर तर मास्तर बसलेले.

"अण्णा."

कसीया होती. तीन आठवड्यांनी.

अशेरनं मान वर केली नाही. पण ऐकतोय हे तिला कळलं.

"दुसऱ्या कडव्यात आम्ही चुकतो. दरवेळी. 'खडक' आला की सगळं पुढं पळतं. तुम्ही गाता तेव्हा नाही पळत. तुम्ही तिथं काय करता, ते आम्हाला सापडत नाही. चाल खाली नेता का?"

"खाली कशाला नेईन?" अशेर गुरगुरला. "काय सांगत होतो मी तुला इतकी वर्षं?"

"हे नाही सांगितलं."

"सांगितलं नाही? कधी नांगर धरलाय का तुम्ही कोणी? खडक लागला की काय होतं?"

"थांबतो," सिलास म्हणला.

"थांबतो! मग तू काय करतो तिथं? धाडधाड धाडधाड! खडकावरनं ट्रेन नेतो का? हात उचल तिथं. एक श्वास. माणसाला वाटलं पाहिजे, गेलं, मोडला फाळ. अन् मग 'तिथंच तुझं येणं'. मग मार. मग काय मारायचं ते मार."

सिलासनं हवेतच काड्या फिरवून बघितल्या. ठोका, ठोका... हात वर. श्वास. मग खाली.

"असं?"

"अजून थांब."

"इतकं?"

"अजून. भीती वाटली पाहिजे."

गिटारवाला हळूच म्हणला, "हे भारी होईल, काका."

"काका नको म्हणू. तुझ्यावर अजून राग हाय माझा."

लाईट आली. खोका खालून हुंकारला अन् मास्तर एकदम खूश होऊन नीट बसले, एस्टीत खिडकी मिळाल्यासारखे.

अशेर उठला. गुडघे झटकले. कीबोर्डापाशी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागं बांधून, शेजारच्याचा नवा बैल बघावा तसा.

"ह्याच्यात काळी दोन कुठं हाय?"

कसीयानं पट्टी दाखवली. बोटानं दाबली. सूर निघाला, लांब अन् सपाट.

"श्वास नाही ह्याला," अशेर म्हणला.

"नाही," कसीया म्हणली. "म्हणून तर तुम्ही पाहिजे."

त्यानं पोरीकडं बघितलं. मग काखेतलं तोरण काढून तिच्या हातात दिलं, कारण त्याला दोन्ही हात मोकळे लागणार होते.

"सिलास, तुमच्या गॅरेजची गाडी हाय का उद्या सकाळी?"

"आहे. का?"

"पेटी आणायचीय. अन् शेडात बारा सतरंज्या हायेत. पोचवायला तू, उचलायला बी तूच. अकरा घरांना मी सांगतो. शिव्या मी खाईन."

"अन् गायी?" कसीयानं विचारलं.

"तू बी सुरू झाली का मास्तरांसारखं?"

सगळे हसले. मास्तरनं सगळ्यांची तोंडं हसताना बघितली अन् तेही हसले.

अशेर मास्तरांपुढं आला. वाकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मास्तर! खाली उतरा आता! खुर्ची आणतो!"

मास्तरनं दोन्ही हातांनी खोक्याची कड धरली. उतरणार नाही म्हणजे नाही.

मग अशेर पोरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मास्तरांकडं पाठ झाली. तशीच राहू दिली. कसीयाची बोटं पट्ट्यांवर. सिलासच्या काड्या वर. गिटारवाल्यानं तार धरलेली. अशेरनं छाती भरून घेतली, पण सूर लावला नाही. कुठून उचलावं, हे त्याला आज नव्यानं शोधायचं होतं.

चर्चमध्ये सगळं गप. पाखरू हललं असतं तरी ऐकू आलं असतं.

मागं मास्तर डोळे मिटून बसले होते. मान केव्हाचीच डोलत होती.

कसीयाला राहवलं नाही. ती त्यांच्यापुढं गेली, खांद्याला हात लावला अन् डोळे उघडल्यावर ओठ नीट हलवून मोठ्यानं म्हणली, "मास्तर, अजून सुरू नाही केलं!"

"तुम्ही करा तुमचं," मास्तर म्हणले. "मी कवाचा ऐकतोय."